नजर हलली तरी नेम हलू नये

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, सात बहिणींच्या डोंगरांनी वेढलेल्या विस्तीर्ण जलाशयाच्या काठी वसलेल्या नवेगाव बांधचे नाव घेऊन रायफलीवर बसवावयाच्या दुर्बिणीचा विचार करावा, हे प्रथमदर्शनी कोणासही विसंगत वाटेल. कारण येथील अरण्याला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, डिसेंबर २०१३ मध्ये ते नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाले, आणि लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन त्याच्या हद्दीत पाऊल टाकण्यासही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मनाई केली आहे. तथापि नेम धरण्याच्या विद्येचा आरंभापासून अंतापर्यंतचा सारा प्रवास ज्या मुलखाने पाहिला, मालगुजारांच्या ठासणीच्या बंदुका पाहिल्या, परवान्यावर आलेल्या साहेबांचे तळ पाहिले, आणि ज्याच्या शिकाऱ्यांनीच पुढे अरण्याच्या राखणीचा भार उचलला, त्या मुलखाची साक्ष या विषयात टाळून चालणार नाही. नेम कशासाठी आणि किती अंतरावर धरावयाचा, हे ठरल्यावाचून दुर्बिणीची निवड करताच येत नाही. आणि हा प्रश्न नवेगावच्या इतिहासाने जितक्या स्पष्टपणे विचारला, तितका क्वचितच अन्यत्र विचारला गेला असेल.

परंपरा असे सांगते की अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी या पुरुषाने हा बांध घातला, डोंगरांच्या रूपाने उभ्या असलेल्या सात बहिणींनी त्याला त्या कामी साहाय्य केले, आणि लोकांनी पुढे त्यालाच कोलासुर देव म्हणून पुजले. तलाव बांधण्यात पिढ्यान् पिढ्या निष्णात असलेल्या कोहळी समाजाने या झाडीमंडळात पाणी अडविले. पाण्यामागून धान आले, धानामागून चितळ, सांबर आणि रानडुक्कर शेताच्या कडेला आले, आणि त्यांच्या मागोमाग बंदूक आली. याच गावचे माधवराव पाटील डोंगरवार हे एके काळी शिकारीत मुरलेले गृहस्थ. परंतु वनाधिकारी म्हणून येथे आलेले मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या जिज्ञासूस अरण्य वाचावयास साह्य करणारे जाणते सोबती म्हणूनच मराठी वाचक त्यांना ओळखतो. ज्यांनी पुढे २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, त्या चितमपल्लींच्या ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकामुळे हे गाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. शिकाऱ्याचे ज्ञान आणि रक्षकाचे ज्ञान यांत अंतर असते ते हेतूचे. जनावर कोठे उभे राहील, वारा कोणीकडून वाहतो, आणि आपल्या डोळ्यांवर किती भरवसा ठेवावा, हे दोघांनाही सारखेच ठाऊक असावे लागते.

त्या जुन्या शिकारीत डोळ्यावरचा भरवसा फार दूरवर ताणावा लागत नसे. मध्य प्रांताच्या अरण्यांवर ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा १८७१ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ लिहिणारे कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी त्यापूर्वीच, १८६३ साली, शिकारी रायफली आणि त्यांच्या गोळ्या यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. आणि शिकारीच्या नेहमीच्या अंतरात गोळीची वाट शक्य तितकी सरळ राहावी, म्हणजे ऐन वेळी नेमाची पट्टी खालीवर करीत बसावे लागू नये, हा त्यांच्या आग्रहाचा गाभा होता. साग, ऐन, तेंदू आणि बांबू यांच्या दाटीत शंभर पावलांपलीकडचे जनावर सहसा दिसतच नाही. मचाणावर बसलेल्याचे सावज त्याहून पुष्कळ जवळ येई, आणि हाक्याच्या वेळी ते झुडपांतून उसळून क्षणार्धात नाहीसे होई. अशा ठिकाणी नळीच्या टोकावरची माशी, मागच्या पट्टीतील खाच आणि सावजाचा खांदा ही तीन एका रेषेत आणणारा शांत हात पुरेसा असे, आणि जो जाणता असे तो खात्री नसलेला बार टाकीतच नसे. कारण जखमी होऊन झाडीत शिरलेल्या जनावराचा माग काढण्याची जबाबदारी आणि तिच्यातील धोका या दोन्ही गोष्टी त्याने पाहिलेल्या असत.

रायफलीवर दुर्बीण बसविण्याची कल्पनाही काही फार अलीकडची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत नळीइतक्या लांब दुर्बिणी रायफलीवर चढविल्या जात होत्या. मुंबई इलाख्याच्या फौजेत नोकरी केलेले कर्नल डेव्हिड डेव्हिडसन हेही दुर्बिणीच्या नेमाचे आद्य पुरस्कर्ते म्हणून शस्त्रांच्या इतिहासात नमूद आहेत. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर व्हिएन्ना, वेत्झ्लार आणि जेना येथील भिंगकारांनी या यंत्रास आटोपशीर रूप दिले, आणि तेव्हापासून आजतागायत त्याची मूळ रचना बदललेली नाही. पुढचे मोठे वस्तुभिंग दूरच्या लक्ष्याची उलटी प्रतिमा नळीच्या आत उमटविते. मधल्या भिंगांची जोडी ती सुलटी करते. वाटेत एका निश्चित प्रतलावर काचेवर कोरलेली अथवा सूक्ष्म तारेची फुली असते, जिला रेटिकल म्हणतात. आणि डोळ्याजवळची नेत्रिका ती प्रतिमा व ती फुली दोन्ही एकत्र मोठी करून दाखविते. माशी, खाच आणि लक्ष्य अशा तीन निरनिराळ्या अंतरांवरील वस्तूंवर एकाच वेळी नजर ठेवण्याचे जे अशक्यप्राय काम साध्या बंदुकीत डोळ्याला करावे लागते, ते या यंत्राने संपविले, हा त्याचा सर्वांत मोठा उपकार होय. आकार मोठा दिसणे हा त्यानंतरचा.

परंतु हा उपकार एका अटीवर अवलंबून आहे. लक्ष्याची प्रतिमा आणि फुली ही दोन्ही तंतोतंत एकाच प्रतलावर असली पाहिजेत. प्रतिमा फुलीच्या थोडी अलीकडे अथवा पलीकडे पडली, तर घड्याळाच्या काट्याकडे बाजूने पाहिल्यास जसा मिनिटाचा फरक दिसतो, तसाच डोळा नेत्रिकेसमोर किंचित सरकताच फुली लक्ष्यावरून सरकताना दिसते, आणि रायफल तसूभरही हललेली नसताना नेम मात्र हललेला असतो. हाच पॅरॅलॅक्स, म्हणजेच पराशय. ज्याने अभियांत्रिकीच्या शाळेत थिओडोलाइट अथवा लेव्हल चालविली आहे, त्या प्रत्येक ओव्हरसीअरला हा दोष पहिल्या दिवसापासून परिचित असतो. आधी नेत्रिका फिरवून तारा स्वच्छ करावयाच्या, मग पट्टीवर केंद्र साधावयाचे, आणि मान किंचित हलवून तारा स्थिर आहेत की नाहीत हे पाहिल्यावाचून वाचन नोंदवावयाचे नाही, हा मोजणीच्या कामातील शिरस्ताच आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे जनक विल्यम लॅम्बटन यांनी दक्षिणेपासून मोजणी करीत करीत ज्या विदर्भात देह ठेवला, वर्धा जिल्ह्यातील ज्या हिंगणघाटास २० जानेवारी १८२३ रोजी त्यांचे निधन झाले, तो विदर्भ या शिस्तीला परका नाही. फुलीचा हा दोष नेमबाजांनी प्रथम ओळखला असे नव्हे. मोजणीदारांचा तो जुना शत्रू होता, आणि त्याच्याशी लढण्याची रीतही मोजणीदारांनी आधीच घालून दिली होती.

आता हा दोष किती मोठा, याचा हिशेब करू. कारण दुर्बीण निवडणाऱ्याने भीती अथवा हौस यांपेक्षा हिशेबावर विसंबावे. दुर्बीण कारखान्यातून एका विशिष्ट अंतरावर निर्दोष करून आलेली असते. मोठ्या काडतुसाच्या रायफलीसाठी हे अंतर बहुधा १०० यार्डांच्या आसपास, आणि .२२ रायफलीसाठी ५० यार्डांच्या आसपास ठेवण्याची वहिवाट आहे. त्या अंतरावर डोळा कोठेही असला तरी फुली हलत नाही. अन्य अंतरावर होऊ शकणारी कमाल चूक काढण्याचे सूत्र सोपे आहे: वस्तुभिंगाचा अर्धा व्यास घ्यावा, त्यास लक्ष्याचे अंतर व निर्दोष अंतर यांतील फरकाने गुणावे, आणि निर्दोष अंतराने भागावे. वस्तुभिंग ४० मिलिमीटरचे आणि निर्दोष अंतर १०० मीटर असेल, तर १५० मीटरवर कमाल चूक १० मिलिमीटर, २०० मीटरवर २० मिलिमीटर, ३०० मीटरवर ४० मिलिमीटर इतकी भरते. उलट दिशेने, ५० मीटरवर ती १० मिलिमीटर आणि १० मीटरवर १८ मिलिमीटर होते. डोळा नेत्रिकेच्या अगदी कडेला गेला, दृश्य जवळजवळ काळवंडू लागले, तेव्हाची ही आकडेवारी आहे. गाल दस्त्यावर नेमका टेकविणाऱ्याच्या हातून प्रत्यक्षात याचा लहानसा अंशच घडतो.

या आकड्यांतून एक गोष्ट निर्विवादपणे पुढे येते. चितळासारख्या जनावराचे मर्मस्थान साधारण एक वीत रुंद धरले, तर जंगलातील शंभर-दीडशे मीटरच्या अंतरात पॅरॅलॅक्सची एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरची चूक कोणत्याही विचारी शिकाऱ्यास निर्णायक वाटू नये; त्याच्या हातून चुका होतात त्या धापेमुळे, घाईमुळे, अंतराच्या चुकीच्या अंदाजामुळे आणि घोडा हिसक्याने दाबल्यामुळे. जेथे जेथे आजही कायद्याने शिकार चालते, म्हणजे युरोपातील, अमेरिकेतील अथवा आफ्रिकेतील परवाना-क्षेत्रांत, तेथील झाडीत हिंडणाऱ्यास कमी वर्धनशक्तीची, स्थिर पॅरॅलॅक्सची, हलकी व मजबूत दुर्बीणच अधिक शोभते. फिरवावयाचे प्रत्येक चाक हे विसरण्याचे एक अधिक स्थान असते. परंतु तेच आकडे कागदी लक्ष्यासमोर धरले की चित्र पालटते. ५० मीटर रायफल प्रकारातील दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे मध्यापासून ५.२ मिलिमीटर. जी १० मिलिमीटरची चूक चितळाच्या खांद्यावर नगण्य, तीच येथे दहाचा नऊ अथवा आठ करावयास पुरेशी आहे. आणि १० मीटरच्या हवाई रायफलीच्या लक्ष्यावरील दहाचा ठिपका तर अर्ध्या मिलिमीटरचा. त्याच्यापुढे १८ मिलिमीटरचा दोष म्हणजे नेम या शब्दालाच अर्थ उरत नाही. यास्तव पॅरॅलॅक्स जुळविता येणाऱ्या दुर्बिणीचे खरे स्थान लक्ष्यवेधाच्या मैदानावर आहे, आणि तेथेही जितके अंतर जवळचे अथवा बदलते, तितकी तिची निकड अधिक.

वर्धनशक्तीचा या प्रश्नाशी असलेला संबंध समजून घेतल्याशिवाय निवड पुरी होत नाही. डोळा नेत्रिकेसमोर जेवढा सरकतो, त्याच्या कितीतरी पट ती हालचाल वस्तुभिंगाशी मोजली जाते, आणि ती पट म्हणजेच वर्धनशक्ती. तीनपट दुर्बिणीत डोळा दोन मिलिमीटर सरकला तर वस्तुभिंगावर सहा मिलिमीटरचा फेर पडतो. दहापट दुर्बिणीत तोच फेर वीस मिलिमीटरचा, म्हणजे ४० मिलिमीटरच्या भिंगाच्या थेट कडेपर्यंतचा होतो. म्हणून लहान शक्तीच्या दुर्बिणींना कारखानदार सहसा पॅरॅलॅक्सचे चाक देत नाहीत आणि दहा-बारा पटींच्या पुढे ते जवळजवळ अनिवार्य ठरते, यात विक्रीची चलाखी नसून प्रकाशशास्त्राचा न्याय आहे. दुकानात शिरणारा नवशिका बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो “किती पटींची?” असा, वस्तुतः त्याने स्वतःलाच विचारावयाचा पहिला प्रश्न “किती अंतरावर?” हा असावा, आणि त्याच्या उत्तरातूनच पटींचे उत्तर आपोआप निघावे. विदर्भाच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिसाच्या वर गेलेला असताना, तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या झळांत चोवीसपट दुर्बीण लक्ष्याला नव्हे तर झळांनाच चोवीसपट मोठे करून दाखविते, आणि नेमबाजास शक्ती कमी करूनच काम भागवावे लागते.

मोठी शक्ती आणि सांजेचा प्रकाश यांचेही सख्य नाही. वस्तुभिंगाचा व्यास वर्धनशक्तीने भागला असता नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ४० मिलिमीटरच्या भिंगात चारपटीला तो १० मिलिमीटर आणि दहापटीला ४ मिलिमीटर असतो. भर उन्हात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असल्याने दोन्ही सारखेच उजळ दिसतात. परंतु अंधार पडू लागला, बाहुली पाच-सहा मिलिमीटरपर्यंत विस्फारली, की चार मिलिमीटरचा झोत अपुरा पडून दृश्य मंद होते. शक्ती बदलता येणाऱ्या दुर्बिणीत संध्याकाळी शक्ती कमी करावी, हा नियम यातूनच आला. झोत रुंद असला म्हणजे डोळा पटकन जागेवर येतो हे खरे. पण तो इकडेतिकडे भटकण्यासही तेवढाच वाव मिळतो, हे लक्ष्यवेध करणाऱ्याने विसरू नये.

पॅरॅलॅक्स जुळविण्याच्या प्रचलित रीती दोन. पहिलीत वस्तुभिंगाभोवतीची कडीच फिरते आणि भिंग पुढेमागे सरकून प्रतिमेस फुलीच्या प्रतलावर आणते; रचना साधी, किंमत कमी आणि बिघाड विरळा; मात्र नेम धरलेल्या स्थितीत हात दुर्बिणीच्या टोकापर्यंत न्यावा लागतो, आणि त्यात सारी बैठक मोडते. दुसरीत दुर्बिणीच्या डाव्या कुशीवर एक चाक असते, जे नळीतील एका आतल्या भिंगास सरकविते. गाल दस्त्यावरून न उचलता ते फिरविता येते, म्हणून बदलत्या अंतरांवर नेम धरणारा तीच पसंत करतो. चाकावर १०, २५, ५०, १०० असे आकडे कोरलेले असतात. ते मार्गदर्शक म्हणून पाहावेत, प्रमाण म्हणून नव्हे. उष्णतेने नळी व भिंगे यांच्यात सूक्ष्म बदल होतात, आणि पौषातल्या पहाटे जो आकडा ५० मीटरला जुळला, तोच वैशाखातल्या दुपारी जुळेलच असे नाही. हवाई बंदुकीचा विचार असेल, तर चाक दहा मीटरपर्यंत खाली येते की नाही, हे खरेदीपूर्वी पाहावेच. मोठ्या रायफलींसाठी केलेल्या कित्येक दुर्बिणी पन्नास यार्डांच्या आत स्वच्छ होतच नाहीत.

हवाई बंदुकीच्या संदर्भात आणखी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. कारण २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार .१७७ पर्यंतच्या व्यासाच्या, २० जूलहून कमी शक्तीच्या हवाई बंदुकीस परवाना लागत नसल्याने आपल्याकडील बहुतेक नवशिक्यांचा आरंभ तिच्यापासूनच होतो. स्प्रिंगवर चालणाऱ्या हवाई बंदुकीचा धक्का विचित्र असतो; ती आधी मागे आणि लगेच जोराने पुढे हिसका देते. दुर्बिणीतील भिंगे बहुधा मागच्या धक्क्यालाच तोंड देण्यासाठी आवळलेली असतात, आणि या उलट हिसक्याने महागड्या दुर्बिणीही आतून सुटतात. म्हणून स्प्रिंग-बंदुकीसाठी घेतलेली दुर्बीण तिच्याचसाठी बनविलेली असावी, आणि तिला बंदुकीवर धरून ठेवणाऱ्या कड्यांना रोध देणारा खिळा बंदुकीच्या पाठीवर घट्ट बसलेला असावा. कड्या आणि पाया यांवर काटकसर करणे म्हणजे उत्तम घड्याळास सुतळीचा पट्टा लावणे होय असे कोणी म्हणेल. मी इतकेच म्हणतो की सैल कडीतून जो नेम सुटतो, त्यास पॅरॅलॅक्सचे कोणतेही चाक परत आणू शकत नाही.

जुळवणीचा क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा करून चालत नाही. प्रथम दुर्बीण मोकळ्या आकाशाकडे करावी, डोळे क्षणभर मिटून उघडावेत, आणि पहिल्याच दृष्टिक्षेपात फुली काळी व धारदार दिसेपर्यंत नेत्रिका फिरवावी. टक लावून पाहत राहिल्यास डोळाच स्वतःला जुळवून घेतो आणि फसवितो. ही जुळवणी एकदा झाली की पुन्हा तिला हात लावू नये. मग रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून फुली लक्ष्यावर आणावी आणि पॅरॅलॅक्सचे चाक लक्ष्य स्वच्छ दिसेपर्यंत फिरवावे. येथे बहुतेक लोक थांबतात, आणि येथेच थांबू नये. रायफलीस स्पर्श न करता मान डावी-उजवीकडे, मग वर-खाली अत्यंत थोडी हलवावी. फुली लक्ष्यावर खिळून राहिली तर काम झाले. ती डोळ्याबरोबर सरकली, तर चाक केसभर फिरवून पुन्हा पाहावे. प्रतिमेची स्वच्छता आणि फुलीची स्थिरता या दोन गोष्टी बहुधा एकत्र येतात, परंतु नेहमीच नाही. जेथे दोहोंत निवड करावी लागेल, तेथे स्थिरतेस मान द्यावा. मिलिरेडियनच्या दहाव्या भागाचे टप्पे असलेल्या दुर्बिणीत नेमाच्या चाकाच्या प्रत्येक टिकटिकीस १०० मीटरवर नेम एक सेंटिमीटर सरकतो. म्हणजे ज्याने फुली स्थिर केली नाही, तो आपल्याच डोळ्याचा दोष मोजून त्यावर टिकटिकी वाया घालवीत बसतो.

येथे महाराष्ट्राच्या अभिमानाचा एक अध्याय येतो, आणि तो मनोज्ञ आहे अशासाठी की त्यात दुर्बीणच नाही. ऑलिम्पिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बिणीचा नेम निषिद्ध आहे. तेथे डोळ्याजवळ सूक्ष्म छिद्राची चकती आणि नळीच्या टोकावर वर्तुळाकार माशी एवढेच साधन असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन रायफलीत विश्वविजेतेपद मिळविले, आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी शातोरू येथील मैदानावर ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकाविले, ते अशाच छिद्राच्या नेमाने. ते छिद्र इतके लहान असते की डोळा मध्यापासून ढळू लागला तर प्रकाशच कमी होतो; अर्थात जो दोष दुर्बिणीत चाकाने घालवावा लागतो, तो तेथे छिद्राच्या संकोचाने आणि नेमबाजाच्या गालाच्या, खांद्याच्या व श्वासाच्या अचल शिस्तीने नाहीसा केला जातो. दुर्बीण घेण्यास निघालेल्या प्रत्येक तरुणाने हे ध्यानात ठेवावे की डोळा दर वेळी एकाच ठिकाणी आणण्याची सवय हाच पॅरॅलॅक्सवरील मूळ उपाय आहे, आणि चाक हा त्याचा साहाय्यक. दुर्बिणीच्या खऱ्या कसोट्या अन्यत्र आहेत: हवाई बंदुकीच्या ‘फील्ड टार्गेट’ या प्रकारात सुमारे ७ मीटरपासून ५० मीटरपर्यंतची अज्ञात अंतरे असतात आणि नेमबाज पॅरॅलॅक्सचे मोठे चाक फिरवून, लक्ष्य कोठे स्वच्छ होते त्यावरूनच अंतर ओळखतात, ‘एफ-क्लास’ या लांब पल्ल्याच्या प्रकारात अंतर एक हजार यार्डांपर्यंत जाते. या दोन्ही ठिकाणी जुळविता येणाऱ्या पॅरॅलॅक्सवाचून भागत नाही.

आणि नवेगावच्या अरण्यात? येथील कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या अधिनियमाने शिकारीवर कडक निर्बंध घातले, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही संपविली, आणि आता जनावरावर नेम धरण्याची मुभा उरली ती मुख्यतः माणसाच्या जिवावर अथवा उभ्या पिकावर बेतले असताना, अधिनियमाच्या अकराव्या कलमान्वये सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या लेखी हुकमापुरती. या अरण्यात आज जी बंदूक खरोखर उपयोगी पडते ती बेशुद्धीचे औषध फेकणारी. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी वनविभागातून वाघिणी पकडून या व्याघ्रप्रकल्पात सोडण्यात आल्या, तेव्हा अशाच नेमावर त्यांचे जीवित विसंबून होते. या बंदुकीचा पल्ला काही दशक मीटरांचाच असतो, तिची सुई मंद गतीने जाते, आणि अंतराप्रमाणे वायूचा दाब ठरवावा लागतो. दाब अधिक झाला तर सुई वाजवीपेक्षा खोल शिरून इजा करते, कमी झाला तर औषध पोहोचत नाही. १०० मीटरवर निर्दोष केलेल्या ४० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून २५ मीटरवर पाहिल्यास पॅरॅलॅक्सची कमाल चूक दीड सेंटिमीटर भरते, जी मांडीच्या स्नायूवर चालून जाईल. परंतु त्या अंतरावर धूसर दिसणारी प्रतिमा पशुवैद्याचा निर्णय डळमळीत करते, आणि ते चालणार नाही. म्हणून या कामी एक-दोन पटींची, अत्यंत जवळ स्वच्छ होणारी दुर्बीण अथवा साधा तांबड्या ठिपक्याचा नेमच योग्य.

एवंच, निवड करणाऱ्याने आपल्या अंतरांची यादी आधी करावी आणि किंमतपत्रक मागाहून उघडावे. ज्याची अंतरे शंभर-दीडशे मीटरांच्या आसपास स्थिर आहेत आणि लक्ष्य वितीएवढे आहे, त्याने स्थिर पॅरॅलॅक्सची, चार ते नऊ पटींची, स्वच्छ भिंगांची दुर्बीण घ्यावी आणि उरलेला पैसा कड्यांवर, काडतुसांवर व सरावावर खर्चावा. ज्याचे लक्ष्य नाण्याएवढे आहे, अथवा अंतर दर वेळी बदलते, अथवा दहापटीच्या पुढची शक्ती ज्यास खरोखर लागते, त्याने बाजूचे चाक असलेलीच दुर्बीण घ्यावी, ते चाक त्याच्या सर्वांत जवळच्या अंतरापर्यंत उतरते याची खातरजमा करावी, आणि दुकानदाराच्या आकड्यांपेक्षा मान हलवून घेतलेल्या परीक्षेवर विश्वास ठेवावा. दोघांनाही एक नियम समान आहे, आणि तो या मुलखातील जाणत्या शिकाऱ्यांनी दुर्बिणीवाचूनच पाळला होता: जेथे फुली अथवा माशी आपल्या डोळ्याबरोबर डळमळते आहे असे कळले, तेथे घोड्यावरचे बोट काढून घ्यावे. दुर्बीण नेम शिकवीत नाही. आपला नेम कितपत खरा आहे हे ती प्रामाणिकपणे सांगते, आणि जी दुर्बीण हे खरे सांगते तीच विकत घेण्याच्या योग्यतेची.